वहीतला दुसरा रकाना

दादाचे पैसे महिन्याच्या आठ-दहा तारखेला बँकेत जमा व्हायचे. तात्या सकाळच्या पहिल्या बसनं बेळगावला जायचे, पैसे काढायचे, गणपत गल्लीतून आईनं सांगितलेलं सामान घ्यायचे आणि जेवायच्या वेळेला गावात परत. संध्याकाळी मी उद्यमबागेतून कामावरून आले, हातपाय धुतले, की त्यांची हाक यायची, "वही काढ बघू."

वही माझ्याकडे असायची, कारण बँकेतली पावती कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत यायची आणि तात्यांचं शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. हिशेबाला ते पक्के, पण कागद वाचून दाखवायला मी लागायची. लाल कापडी बांधणीची, लांबट, दुकानदार वापरतात तसली वही. डावीकडे तारीख, मधे तपशील, उजवीकडे रक्कम. मी 'शारजाहून दादा' असं लिहायची आणि समोर रुपये मांडायची. रकमेचा रकाना एकच होता. २००७ साली या एका रकान्यापायी आमचं घर मोडायच्या बेताला आलं होतं.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. भात, रताळी, बटाटा. जमीन प्रत्येकाला थोडी थोडी, भावाभावांत वाटून आणखी थोडी झालेली. त्यामुळं घरटी एकतर कुणीतरी मिलिटरीत, नाहीतर उद्यमबाग-मच्छेच्या कारखान्यांत. तिसरी वाट आखाताची. दादानं आय.टी.आय.ला फिटरचा ट्रेड केला, उद्यमबागेत सहा वर्षं काढली आणि २००४ ची दिवाळी झाल्यावर शारजाला गेला. एजंटला द्यायला सोसायटीचं कर्ज काढलं, आईच्या पाटल्या सोनाराकडे ठेवल्या. त्याचा लेक तेव्हा दीड वर्षाचा होता.

पगार चौदाशे दिरहम. आमच्याकडे सगळे 'दिरम'च म्हणतात. राहायची सोय कंपनीच्या कॅम्पात, खाणं स्वतःचं. हजार दिरम तो घरी पाठवायचा. उरलेल्या चारशेत त्याचं जेवण, फोनचं कार्ड, साबण, औषधपाणी आणि सुट्टीवर येताना बॅगेत भरून आणायच्या वस्तू. इकडं त्या हजाराचे २००७ च्या जानेवारीत बारा हजार रुपये झाले. साडेचार हजार सोसायटीचा हप्ता, बाकी घरखर्च आणि बांधकाम. जुनं कौलारू घर उतरवून चिऱ्याचं घर बांधायला काढलं होतं. भिंती लिंटलपर्यंत आल्या होत्या. पावसाळ्याच्या आधी स्लॅब पडायला हवा होता, म्हणजे सळी, सिमेंट, सेंट्रिंग, सगळ्याला एकदम पैसा हवा होता.

वहीत त्या वर्षीच्या नोंदी माझ्याच अक्षरात आहेत. जानेवारी १२,०४०. एप्रिल ११,४००. मे ११,०५०. ऑक्टोबर १०,७२०.

तिकडून निघणारे हजार दिरम प्रत्येक महिन्याला हजारच होते. हे आम्हाला ठाऊक नव्हतं, कारण आम्ही कधी विचारलंच नाही. शुक्रवारी दादाचा फोन यायचा. कार्डावरचे पैसे संपायच्या आत आई, तात्या, वहिनी, लेक, सगळ्यांशी बोलून व्हायला पाहिजे. तात्या सांगायचे, "पैसे मिळाले रे." तो म्हणायचा, "बरं." झालं. तुझ्या हातून किती सुटले आणि आमच्या हातात किती पडले, असा प्रश्न त्या तीन मिनिटांत कुणाला सुचला नाही.

एप्रिलमध्ये तात्या काही बोलले नाहीत. मेमध्ये वहीकडं बघून म्हणाले, "मागच्यापेक्षा कमी आलंय की." आई म्हणाली, पोराला खर्च वाढला असेल. जुलैत गवंडी बाकी मागायला दारात येऊन बसला. स्लॅबशिवाय उभ्या भिंतींवरून पावसाचं पाणी उतरत होतं आणि आम्ही मागच्या खोपटात राहत होतो. अशा दिवसांत माणसाचं मन लवकर कुजतं. आमचंही कुजलं. वहिनीचं माहेर चंदगड तालुक्यातलं, डोंगरउतारावर थोडी काजूची बाग. त्या उन्हाळ्यात तिच्या भावानं घराची कौलं काढून पत्रे घातले होते. आमच्या गल्लीत कुणीतरी ते बघून आलं आणि बोललं. बाकीचं आमच्या घरानं आपलं आपणच जुळवलं: दादा बायकोच्या माहेरी परस्पर पैसे पाठवतोय.

हे तोंडावर कुणी म्हणालं नाही. आईनं शनिवारच्या बाजाराचे पैसे वहिनीच्या हातात द्यायचं बंद केलं, एवढंच. ती माहेरी जाऊन आली की तात्या दोन दिवस तिच्याशी बोलायचे नाहीत. आणि मी? मी पदवीधर, ऑफिसात नोकरी करणारी, घरातला प्रत्येक कागद वाचणारी. मलाही ते खरं वाटलं. शपथेवर सांगते, मलाही वाटलं.

गणपतीच्या आधीचा आठवडा होता. मी वही लिहीत बसले होते, तात्या समोर खाटेवर. वहिनी आतून आली आणि तिनं तिचं पासबुक उघड्या वहीवर ठेवलं. हिरव्या पुठ्ठ्याचं, कोपरे दुमडलेले. म्हणाली, "ह्यात तीनशे बारा रुपये हाईत. माझ्या नावावर दुसरं खातं कुठंच नाही. बघा तुम्ही." तात्या म्हणाले, "मी कुठं काय म्हणालो?" त्यांनी पासबुकाला हात लावला नाही. मी ते उचललं आणि तिच्या हातात परत दिलं, न उघडता. मला वाटलं, मी तिचा मान राखला. उघडून तीनशे बारा मोठ्यानं वाचले असते तर तिचा मान राहिला असता. हे कळायला मला फार दिवस लागले.

आता माझ्या नोकरीचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय माझी चूक केवढी होती ते कळणार नाही.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात मी डिस्पॅचची कागदपत्रं करत होते. बेळगावची ओतकामाची ख्याती जुनी. पंपांची, व्हॉल्व्हची, इंजिनांची कास्टिंग्ज इथून देशभर जातात आणि परदेशातही. आमच्या कारखान्याचा निम्म्याहून जास्त माल बाहेर जायचा आणि त्याची बिलं डॉलरमध्ये निघायची. ती बिलं मी टाइप करायची. म्हणजे रोज सकाळी डॉलरचा दर मला बँकेतून विचारून घ्यावा लागायचा. ४४ रुपये, मग ४२, मग ४०. मालकांचं तोंड दिवसेंदिवस उतरत गेलं ते मी समोर बसून पाहिलं. त्यांनी मोठ्या ऑर्डरचा भाव ४४ च्या हिशेबानं दिला होता, त्यात शंभराला सात-आठ रुपये सुटणार होते. माल बोटीवर चढून पैसे येईपर्यंत डॉलर चाळिसावर. नफा तर गेलाच, वर पदरचे घालायची वेळ आली. मोठे कारखानदार बँकेशी पुढच्या महिन्यांचा दर आधीच ठरवून ठेवतात, त्याला फॉरवर्ड म्हणतात. आमच्यासारख्या लहानांना त्याची सवय नव्हती, कारण त्याआधी तीन-चार वर्षं रुपया फारसा हललाच नव्हता.

पहिल्यांदा ओव्हरटाइम बंद झाला. मग रात्रपाळी. मग कोअर शॉपमधल्या बायका गेल्या. कोअर म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा. तो हातानं घासून-पुसून नीट करायला बायका असायच्या, अनगोळ-वडगावच्या, काही आमच्या बाजूच्या खेड्यांतल्या. ठेकेदाराकडून आलेल्या, त्यामुळं त्यांना काढायला कागद लागला नाही. सोमवारी आल्या आणि गेटवरून परत गेल्या. त्यातल्या एकीनं मला खिडकीतून विचारलं, "बाई, माल तर भरलाय की सगळा. मग काम का नाही?" मी म्हणाले, "डॉलर पडलाय." ती माझ्याकडं बघत राहिली. भट्टी पेटलेली, पिग आयर्न गोव्याहून उतरलेलं, माणसं तीच, हात तेच आणि अमेरिकेच्या नोटेचा भाव उतरला म्हणून हिचं काम नाही. हे कुठल्या शब्दांत सांगायचं?

त्याच दिवशी संध्याकाळी घरी येऊन मी वहीत १०,७२० लिहिले. आणि माझ्या डोक्यात दोन गोष्टींचा सांधा जुळला नाही.

का जुळला नाही, याचं उत्तर साधं आहे. मला वाटायचं, डॉलर अमेरिकेचा आणि दिरम अरबांचा. दिरम डॉलरच्या दावणीला बांधलेला आहे हे मला माहीत नव्हतं. शारजा-दुबई ज्यात येतात त्या अमिरातीनं १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम असा दर पक्का ठेवला आहे. सौदीचा रियाल १९८६ पासून ३.७५ वर. ओमानचा रियालही १९८६ पासून एकाच दरावर बांधलेला. तेलाचे पैसे डॉलरमध्ये येतात, म्हणून तिथल्या सरकारांना ते सोयीचं. पण याचा अर्थ असा, की रुपयासमोर डॉलर शंभराला जेवढा उतरला तेवढाच दिरमही उतरला. ४४ ला ३.६७ नं भागलं की बारा, ३९.४० ला भागलं की पावणेअकरा. चौथीतल्या पोराला येईल असा भागाकार. मी रोज डॉलर लिहीत होते, महिन्याला एकदा दादाचे पैसे लिहीत होते आणि हा भागाकार करायचा राहून गेला. त्याची किंमत वहिनीनं मोजली.

कुवेतनं मात्र त्याच वर्षी, मे २००७ मध्ये, डॉलरची दावण तोडली आणि आपला दिनार अनेक चलनांच्या टोपलीशी जोडला. कारण डॉलरबरोबर त्यांचा दिनार घसरत होता आणि बाहेरून येणारं सगळं महाग होत होतं. अमिरातीत तेच चाललं होतं. घरभाडी, धान्य, भाजी, सगळं चढत होतं. म्हणजे दादाच्या उरलेल्या चारशे दिरमांना तिकडंही गळती लागली होती. त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुबईतल्या हजारो बांधकाम मजुरांनी काम बंद ठेवलं. तिथं संप करायला परवानगी नाही, तरीही. मागणी पगारवाढीची. घरी पाठवायचे पैसे आटले, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. इकडं वर्तमानपत्रांत रुपया वधारल्याचे मथळे होते, शेअर बाजार वीस हजारांवर गेला म्हणून पेढे वाटले जात होते. दोन्ही बातम्या एकाच गोष्टीच्या होत्या. परदेशातून डॉलरचा लोंढा शेअर बाजारात येत होता. रिझर्व्ह बँक एरवी जादाचे डॉलर विकत घेऊन दर धरून ठेवायची, पण डॉलर घ्यायचे म्हणजे तेवढे रुपये बाजारात सोडायचे आणि महागाई तर आधीच सहा टक्क्यांच्या वर गेलेली. मार्चनंतर तिनं हात आखडता घेतला आणि डॉलर खाली आला. मी त्या निर्णयाला चूक म्हणत नाही. महागाईनं मरणारेही आम्हीच. पण त्याचं ओझं कुणाच्या पाठीवर पडणार हे कुणीतरी मोठ्यानं सांगायला हवं होतं.

मजबूत हा शब्द आपण बैलाला लावतो, तुळईला लावतो, मनगटाला लावतो. तोच रुपयाला लावला की ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्या घरात काहीतरी भर पडली. मी तात्यांसाठी त्या वर्षी काय काय स्वस्त झालं ते पुढं शोधलं. डिझेलचा भाव तेव्हा सरकार ठरवायचं. तो बाजारावर सोडला २०१४ मध्ये. त्यामुळं रुपया वधारल्याचा फायदा ट्रॅक्टरच्या टाकीपर्यंत आला नाही. युरियाच्या पोत्याची किंमतही सरकारची. गोडेतेल बाहेरून येतं, पण मलेशिया-इंडोनेशियातच पामतेल भडकलेलं. रुपया कमजोर असता तर ते आणखी महाग झालं असतं, हे खरं आहे. पण न झालेली महागाई कुणाला दिसते? आई दुकानात जाऊन म्हणणार आहे का, की आज तेलाचे दहा रुपये वाचले, कारण ते वाढायचे होते आणि वाढले नाहीत?

ज्याला फायदा दिसला असा एक जण माझ्या माहितीत होता. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा मुलगा त्या वर्षी एम.एस.ला अमेरिकेला गेला. वीस हजार डॉलर भरायचे होते. ४४ नं आठ लाख ऐंशी हजार झाले असते, साडेएकोणचाळीसनं सात लाख नव्वद झाले. नव्वद हजार रुपये वाचले. त्यांनी ऑफिसात कुंदा वाटला. मी तो खाल्ला, आनंदानं खाल्ला. त्यांच्या सुखावर माझा राग नाही, तेव्हाही नव्हता.

आणि ज्या माहेरावर आमचा संशय होता, त्या चंदगडच्या काजूचं काय? रुपया वधारला की काजूगर निर्यात करणाऱ्याला कमी रुपये मिळतात, म्हणून तो कच्च्या बीला भाव पाडून मागतो. शिवाय आफ्रिकेतून येणारी कच्ची बी स्वस्तात पडते, म्हणून त्याला इथल्या बीची निकड राहत नाही. बागवाल्याला दोन्हीकडून चेपलं जातं. वहिनीच्या भावानं पत्रे घातले ते कर्ज काढून. आमच्यासारखंच सोसायटीचं कर्ज. डॉलर पडल्याचा जो मार आम्हाला बसत होता तोच त्यांना बसत होता आणि आम्ही समजत होतो, आमचं त्यांच्याकडं जातंय.

दिवाळीनंतर गावातला एक जण सुट्टीवर आला. तो दादाच्याच कॅम्पात राहायचा. दादानं पाठवलेली पिशवी घेऊन घरी आला: लेकाला बूट, आईला गुडघ्याचं मलम, बदामाचं एक पाकीट. तात्यांनी चहा सांगितला. इकडचं तिकडचं झालं आणि तात्यांनी खडा टाकून बघितला, "काय रे, तिकडं पगार कमी केलेत काय?"

तो म्हणाला, "पगार कशाला कमी करतील तात्या? दिरम उतरलाय की. बाराचा पावणेअकरा झालाय. सगळ्यांच्याच घरात ही बोंब. एक्स्चेंजमधे लाइनीत हाच विषय असतोय."

तात्या गप्प. मग तो आपल्या भरात सांगत गेला. दादा गेले तीन महिने शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुसऱ्या साइटवर जातोय. रात्रीच्या मेसचे पैसे वाचवायला खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणि दही खाऊन झोपतोय. घराचा स्लॅब अडलाय म्हणून. "पुढच्या महिन्यापासनं अकराशे पाठवणार म्हणालाय," तो म्हणाला.

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. चहाचा कप तिच्याच हातात होता. ती आत गेली नाही, बाहेर आली नाही.

पाहुणा गेल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तात्या म्हणाले, "वही काढ." मी काढली. "ह्यात दिरम लिही." मी म्हणाले, रकाना नाही. ते म्हणाले, "रेघ मार." मी पट्टी घेतली आणि रुपयांच्या डाव्या बाजूला उभी रेघ मारली. जानेवारीपासून प्रत्येक ओळीत १,००० लिहीत आले. बारा महिने एकाखाली एक सारखेच आकडे आणि शेजारी रुपये उतरत गेलेले. ते पान आजही डोळ्यांसमोर धरवत नाही.

तात्यांनी सुनेची माफी मागितली का? शब्दांनी नाही. त्यांच्या पिढीतल्या सासऱ्याकडून ती होत नाही. पण पुढच्या महिन्यात पैसे काढायला ते तिला बेळगावला बरोबर घेऊन गेले आणि काढलेली रक्कम मोजायला तिच्या हातात दिली. तेव्हापासून दर महिन्याला तीच मोजायची. मी माफी मागितली, दोन वर्षांनी, बाळंतपणासाठी माहेरी आले होते तेव्हा. ती म्हणाली, "जाऊ दे, तेव्हा तुम्ही लहान होतासा." मी चोवीस वर्षांची होते.

आखात आणि रुपया यांचं नातं एका वेगळ्या वेळी मला कळलं आणि मी थक्क झाले. एकेकाळी तिथं आपलाच रुपया चालायचा. कुवेत, बहारीन, कतार, दुबई-शारजा, ओमानचा काही भाग, सगळीकडं. त्या वाटेनं सोन्याची तस्करी फार होऊ लागली म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या रंगाच्या खास नोटा काढल्या. १९६१ मध्ये कुवेतनं आपला दिनार सुरू केला, १९६५ मध्ये बहारीननं. मग ६ जून १९६६ ला सरकारनं रुपयाचं अवमूल्यन केलं, एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे होते ते साडेसात झाले. एका रात्रीत त्या वाळवंटातल्या लोकांच्या गाठीच्या पैशाची किंमत घटली, आणि त्यात त्यांचा काडीचा दोष नव्हता. बहुतेकांनी लगेच आपला रुपया सोडला, ओमाननं १९७० मध्ये. हे वाचताना मला शारजातल्या कुठल्यातरी म्हातारीचा चेहरा दिसत राहिला, जी सकाळी उठून विचारते, काल एवढ्यात जेवढं येत होतं तेवढं आज का येत नाही? तिच्या घरातही कुणीतरी सुनेवर संशय घेतला असेल का?

पुढं दर फिरला. २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या बँका कोसळल्या, इथं आलेले डॉलर परत निघाले आणि मार्च २००९ मध्ये डॉलर ५१ च्या वर गेला. दिरम जवळजवळ चौदा. दादाच्या हजाराचे चौदा हजार होण्याचे दिवस आले आणि नेमके तेव्हाच दुबईची बांधकामं थांबली. क्रेन जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्याच्या कंपनीनं आधी शुक्रवार काढले, मग पगार दोन-दोन महिने थकवले. दर चढला तेव्हा पगार आटला. आमच्या वहीत २००९ च्या पाच महिन्यांच्या ओळी कोऱ्या आहेत, दोन्ही रकान्यांत. २०१० च्या उन्हाळ्यात तो कायमचा परत आला. आता मच्छेला एका शेडमध्ये दोन लेथ टाकून काम करतो.

स्लॅब मात्र पडला, २००८ च्या मेमध्ये, त्याच्या शुक्रवारांच्या पैशातून. तेव्हा सळीही महागली होती.

आमच्या बाजूच्या खेड्यांतून फिरलं तर मला घरांवरून साल ओळखता येतं. २०१३ मध्ये डॉलर ६८ च्या पलीकडं गेला, टीव्हीवर रुपयाचे हाल चालले होते आणि आमच्या आसपासच्या गावांत एकाच हिवाळ्यात कितीतरी स्लॅब पडले. आखातातल्या पोरांनी साठवलेलं एकदम पाठवलं. देशाला वाईट वाटत होतं तेव्हा ती घरं उभी राहत होती. पण त्या सुखालाही कीड असते. डॉलर चढला की खतांचा कच्चा माल महागतो, तेल महागतं, डिझेल चढलं तर नांगरटीचा दर चढतो. ज्याच्या घरात परदेशातला पैसा येतो तो तरतो, आणि ज्याच्या घरात फक्त रताळी पिकतात तो त्याच गल्लीत राहून बुडतो. म्हणून मला रुपया पडावा असं वाटत नाही आणि चढावा असंही म्हणवत नाही. हळू हलावा असं वाटतं. माणसाला हप्ता ठरवता यावा, गवंड्याला शब्द देता यावा, लेकराच्या फीचा अंदाज बांधता यावा, एवढा सावकाश. आणि हलला तर घरातल्यांना कळावं, की हे बाहेरचं वारं आहे, आतल्या कुणाचं पाप नाही.

दादाला मी मागच्या गणपतीत विचारलं, तेव्हा सांगितलं का नाहीस? तो नैवेद्याची पानं पुसत होता. म्हणाला, "सांगून काय झालं असतं? तात्यांनी स्लॅब थांबवला असता आणि मला परत बोलावलं असतं. पाटल्या सोनाराकडंच राहिल्या असत्या." मग थोड्या वेळानं म्हणाला, "तिला तुम्ही बोलत नाही हे मला तिनं कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी दिरमाचा हिशेब पहिल्या दिवशी दिला असता."

तो दीड वर्षाचा लेक आता मस्कतला आहे. ए.सी. दुरुस्तीचं काम करतो. मोबाइलवर दर बघतो, चांगला वाटला तर पाठवतो, नाहीतर दोन दिवस थांबतो. पैसे मिनिटांत येतात. ओमानी रियाल दोनशे तीसच्या आसपास चालला होता तेव्हा त्यानं पहिला पगार पाठवला आणि मला फोन केला, "आत्या, आजोबांना सांग, वहीत लिहून ठेवा म्हणावं." मी त्या रविवारी मुद्दाम गावी गेले. वहिनीनं कपाटातून लाल वही काढून दिली. कापड विटलंय, पण रेघ तशीच आहे, थोडी वाकडी. मी पेन उघडलं आणि रुपयांचा आकडा लिहायला हात पुढं नेला.

"आधी रियाल लिही," तात्या म्हणाले.

मी शंभर लिहिले.